दोन बोटं माया

भाचीने परदेशातल्या समुद्रकाठच्या एका रिसॉर्टचं बुकिंग केलं आणि मग आम्हाला सांगितलं. आधी सांगितलं असतं तर तिच्या आईने आणि मी मिळून बेत मोडला असता. आठ दिवस, तिघीजणी, आणि खोलीचं दार उघडलं की पाय थेट वाळूत. माझा पासपोर्ट निघाला. त्यावरच्या फोटोत मी नुकत्याच पकडलेल्या चोरासारखी दिसते. भाचीने सामानाची यादी फ्रिजवर चिकटवली: टोप्या, उन्हाचं क्रीम, गोळ्या, पोहण्याचे कपडे.

पोहण्याच्या कपड्यांवर तिच्या आईने, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीने, पेन्सिलीने काट मारली.

"मी छत्रीखाली बसेन," बारकी म्हणाली. "तुमच्या चपला सांभाळीन."

बारकी आता सत्तरीला आली, पण तिला दुसऱ्या नावाने हाक मारायला माझी जीभ वळत नाही. चपला सांभाळण्याचं काम खरं तर माझं. लहानपणी आमच्या शाळेमागे तळं होतं. शाळा सुटली की बारकी दप्तर माझ्या अंगावर टाकून फ्रॉकसकट पाण्यात उडी घ्यायची आणि मी काठावरच्या दगडावर तिच्या चपला मांडीवर घेऊन बसायचे. मला पोहता येत नाही, कधी आलंच नाही. घरी आई विचारायची, हिचे केस कसे ओले? मी म्हणायचे, घाम आलाय. आई दोघींना फटके द्यायची, पण मला एक जास्त, कारण मी मोठी.

सहा वर्षांपूर्वी बारकीचा डावा स्तन काढावा लागला. आजार गेला, तब्येत सुधारली, पण तेव्हापासून कपडे बदलताना ती कडी लावते, घरात एकटी असली तरी. भाचीने दुकानातून पोहण्याचा कपडा आणला, तो बारकीने पाकीट न फोडता परत पाठवला.

"घालून तरी बघ," भाची म्हणाली.

"तू जा ना पोहायला, मला कशाला ओढतेस? समुद्र काय माझी वाट बघतोय?"

भाची स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, "मावशी, ती पाण्यात उतरणार नसेल तर मला हे सगळं करायचंच नव्हतं."

म्हणून मी मशीनवरचं कापड काढलं. चाळीस वर्षं मी शिवणकामाचं दुकान चालवलं, बहुतेक शाळेचे गणवेश. मी टेप धरून आकडे बोलायचे आणि बारकी टेबलाशी बसून वहीत उतरवायची. तिचं अक्षर छान. गणवेश शिवताना मी दोन बोटं माया सोडायचे. शिवणीच्या आत दुमडून ठेवलेल्या जास्तीच्या कापडाला आम्ही माया म्हणतो. मुलं वाढतात, मग शिवण उसवून कपडा मोठा करता येतो. बारकी म्हणायची, "ताईच्या कपड्यात माणूस कमी आणि माया जास्त."

ताणलं जाणारं गडद निळं कापड आणलं. बारकीला म्हटलं, माप देतेस का?

"वहीत आहे की," ती वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाली.

वहीत होतं. बारा वर्षांपूर्वीचं, तिच्याच अक्षरात. मी तेच घेतलं. असलं कापड मी पूर्वी शिवलं नव्हतं, सुई दोनदा मोडली, पण चार दिवसांत कपडा उभा राहिला. बाह्या कोपरापर्यंत, गळा बंद, डाव्या बाजूला आत खिसा करून त्यात मऊ गादी. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

बारकीने तो घेतला, खोलीत गेली, कडी लावली. मी आणि भाची बाहेर सोफ्यावर, दोघींच्या हातात थंड झालेला चहा. बऱ्याच वेळाने ती आपल्या रोजच्या कपड्यांत बाहेर आली आणि घडी केलेला कपडा माझ्यापुढे ठेवला.

"छान शिवलायस. मीच बसत नाही त्यात."

"कुठे बसत नाही?"

"डावीकडे लोंबतोय. आणि ती तुझी माया घावाच्या जागेवर घासते."

दोन्ही बाजू मी सारख्याच कापल्या होत्या. दवाखान्यात अकरा दिवस तिच्या उशाशी बसले होते मी, तरी सारख्याच. एवढ्या वर्षांत मी कुणाचं माप चुकवलं नव्हतं. या वेळी घेतलंच नव्हतं. तिने वही दाखवली आणि मला बरं वाटलं, कारण मलाही बघायचं नव्हतं.

मी कपडा घेऊन मशीनशी बसले आणि शिवण उसवायला लागले. बारकी दारात उभी राहून बघत होती.

"कशाला डोळे फोडतेस? राहू दे."

"माप दे, मग राहू देते."

"शिंपीण म्हणून मागतेस की बहीण म्हणून?"

"शिंपीण म्हणून. बहिणीला तू सहा वर्षं नाहीच म्हणतेयस."

ती हसली नाही. भाचीला म्हणाली, "तू जरा दूध घेऊन ये." दूध घरात होतं, पण भाची शहाणी, पिशवी घेऊन गेली. बारकीने दाराला कडी लावली, या वेळी मला आत ठेवून. मग पाठ फिरवून बटणं सोडली आणि माझ्याकडे वळली.

मी बघितलं. एक लांब पांढरी रेघ, काखेकडे जराशी गोळा झालेली. टेप गार होता, तो आधी तळहातात धरून ऊब दिली.

"हात वर कर."

"आणि लिहिणार कोण?"

"तूच. तुझं अक्षर चांगलं."

डावा हात वर, उजव्या हातात पेन्सिल, वही मशीनच्या फळीवर. मी मधल्या हाडापासून उजवीकडे एक आकडा बोलले, डावीकडे दुसरा. वहीत छातीला एकच रकाना होता. बारकीने मधोमध उभी रेघ ओढली आणि दोन्ही आकडे वेगवेगळे लिहिले.

"गुदगुल्या करू नकोस," ती म्हणाली.

"हलू नकोस मग."

त्या दिवशी मी डाव्या बाजूची माया कापून टाकली, सगळी, पार शिवणीपर्यंत. हात थोडा थांबला, पण कापली. कडेला आतून मऊ पट्टी लावली. संध्याकाळी बारकीने कपडा घातला आणि काढायचं नाव घेईना. तसाच घालून तिने भाजी चिरली, फोनवर कुणाशी तरी भांडली. मग फ्रिजपाशी गेली, यादीवरची काट खोडरबराने पुसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"ताई, चपला तू सांभाळ."