मोजणीची नव्हे, ग्रहणाची दुर्बीण

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे आणि स्वभावानं संशयी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून तुमची माझ्याबद्दल तक्रार नको. माझ्या एका टोकाला आकाश असतं आणि दुसऱ्या टोकाला माणसाचा डोळा. आकाशानं मला कधी फसवलं नाही. डोळ्यांचा मात्र भरवसा नव्हता. माणूस डोळा लावताना एक बोलतो आणि मनात दुसरंच धरतो, हे मी इतक्या जवळून पाहिलं आहे की विचारू नका.

माझा जन्म कोल्हापूरच्या उद्यमनगरातला, सन १९७९ चा. बाबालाल मिस्त्री नावाच्या लेथ चालवणाऱ्या कारागिरानं मला घडवलं. मोडीत निघालेल्या पंपाची पितळी नळी त्यानं घासूनपुसून चकचकीत केली आणि आतून काळा रंग दिला. डोळ्याजवळची काच शाळेच्या बिघडलेल्या सूक्ष्मदर्शकातून काढली. पाय बाभळीचे, तीन. ते जमिनीत रुतावेत म्हणून टोकांना लोखंडी अण्या ठोकल्या. आठ रविवार तो माझ्यापाशी बसला. मजुरी घेतली नाही, आणि म्हणूनच मला त्याचा संशय यायचा. फुकट कुणी एवढं घासतं का?

पुढची मोठी काच विकत आणणं भाग होतं. ती आणण्याची खटपट केली सयाजी मास्तरांनी. ते कोडोलीच्या हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवायचे. मुंबईच्या एका विज्ञान संस्थेकडे त्यांनी अर्ज केला की खेड्यातल्या मोठ्या माणसांना प्रकाश आणि आकाश समजावून सांगायचं आहे, काचेपुरती मदत व्हावी. छोटं अनुदान मंजूर झालं. पण पत्राच्या शेवटी एक अट होती. मार्चअखेरपर्यंत चाळीस प्रौढ खेडुतांनी उपकरण पाहिल्याची नोंद सही किंवा अंगठ्यासह वहीत हवी. नसेल तर उपकरण संस्थेकडे जमा करावं. शाळकरी मुलं धरायची नाहीत, असंही लिहिलं होतं. मुलं काय, कशावरही सही करतात!

बाबालालनं ते इंग्रजी पत्र मास्तरांकडून दोनदा समजून घेतलं.

“मास्तर, काच त्यांची. पर नळी माझी, पाय माझं. न्हेतील तर समदंच न्हेतील की!”

“चाळीस माणसं म्हणजे काय फार झाली, बाबालाल?” मास्तर म्हणाले.

मला मात्र मुंबईतलं एक बंद कपाट आत्ताच दिसायला लागलं होतं.

जानेवारीत आम्ही एस.टी.नं शाहूवाडी तालुक्यातल्या एका वाडीवर गेलो. डोंगराच्या पोटात तीसेक घरं, खाली ओढ्याच्या कडेनं भाताची खाचरं. मास्तरांनी माझे तीन पाय उलगडले आणि चावडीपुढं मला उभं केलं. बघता बघता सगळी वाडी गोळा झाली, पण कुणी जवळ येईना. पिराजी नावाचा एक शेतकरी कमरेवर हात ठेवून पुढं आला.

“पावणं, कुठनं आलायसा?”

“कोडोलीहून. आकाश दाखवायला आलोय.”

“आकाश हितनं बी दिसतंय की! ह्यो तिपाया आमी वळखतो. गेल्या साली असाच एक जण घिऊन आलता. डोळा लावला, आन माझ्या बांधाच्या दगडावर चुन्याची फुली मारून गेला. धरण व्हनार म्हनं.”

तेव्हा मला कळलं की वाडीला मी मोजणीदाराचं यंत्र वाटत होते. तेही तीन पायांवर उभं राहतं, त्यालाही माणूस एक डोळा मिटून वाकतो. मास्तर जीव तोडून सांगत होते की हिनं चंद्रावरचे खड्डे दिसतात, शनीचं कडं दिसतं. तोवर गर्दीतून एक बुटकी म्हातारी वाट काढत आली. हीच बयाबाई. विधवा बाई, ओढ्याच्या कडेचं एक खाचर एवढंच तिचं जग. तिनं माझ्या नळीवर टिचकी मारली, वास घेतला आणि मास्तरांच्या बगलेतल्या वहीकडं बोट केलं.

“ही वही कशापायी?”

“बघितल्यावर त्यात अंगठा लावायचा, आक्का.”

झालं! अंगठ्याचं नाव काढायचा अवकाश, वाडी पांगली. पोरं माझ्याकडे धावत होती, त्यांना आयांनी दंडाला धरून घरात ओढलं. परतीच्या एस.टी.त मी मनात म्हणत होते की अडाणी माणसं, दुसरं काय! मित्रांनो, माझे पुष्कळ अंदाज चुकले आहेत, पण या एका अंदाजाची मला अजून लाज वाटते.

फेब्रुवारीच्या सोळा तारखेला सूर्यग्रहण होतं. आमच्या भागात सूर्य जवळजवळ सगळा झाकला जाणार होता. घराबाहेर पडू नका, सूर्याकडे पाहू नका, असं रेडिओ आठवडाभर सांगत होता. मास्तरांनी नेमका तोच दिवस धरला आणि नेमकी तीच वाडी.

“गिरानाच्या दिशी कोन भाईर येनार हाय, मास्तर?” बाबालालनं विचारलं.

“कुणी नाही आलं तर आपण दोघं बघू. असं ग्रहण इथं आपल्या जन्मात पुन्हा नाही.”

अडीचच्या सुमारास आम्ही पोचलो तर वाडीत चिटपाखरू नाही. दारं लावलेली, गुरं गोठ्यात. मास्तरांनी मला पटांगणात रोवलं. सूर्याला डोळा लावायचा नाही, डोळा जातो, म्हणून माझ्या मागं एक फळी धरून तिच्यावर पांढरा कागद टाचला. माझ्या नळीतून सूर्य त्या कागदावर उतरला, बशीएवढा. त्याच्या कडेचा लचका तुटायला लागला होता. तो पाहायला आम्ही तिघंच होतो.

अर्धा तास गेला. एकाएकी एक दार धाडकन उघडलं आणि बयाबाई तरातरा आमच्यावर चालून आली.

“ए मास्तर! तुझ्या ह्या नळीतनं माज्या घरात काय सोडलंस?”

“मी? काही नाही, आक्का!”

“मग माज्या भुईवर ह्ये काय पडलंय? कौलातनं कवडसं पडत्यात, ते रोज गोल असत्यात. आज समदं खाल्ल्यावानी झाल्यात. सून पोटुशी हाय माजी! पयलं बंद कर ह्ये!”

खरं तर मास्तरांना समजावून सांगता आलं असतं. कौलांमधलं प्रत्येक बारीक छिद्र सूर्याचं चित्र खाली पाडतं, आणि सूर्यच खाल्लेला दिसत असेल तर कवडसेही खाल्लेलेच दिसणार. पण बयाबाईच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी व्याख्यान गिळलं. खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्या तोंडावर बांधला. “आता हिच्यातून काही बाहेर पडणार नाही. घरात जाऊन बघा, कवडसे गोल झाले का.”

बयाबाईनं टॉवेलाची गाठ स्वतः ओढून पाहिली. आत गेली. आम्ही वाट बघत राहिलो. ती बाहेर आली, पुन्हा गाठ तपासली आणि पुन्हा आत गेली. तिसऱ्या खेपेला शेजारच्या पिराजीच्या घरातही डोकावून आली. मग म्हणाली, “सोड त्ये कापड. हिचा काय दोस न्हाई. तिथं बी तसंच हाय.”

मित्रांनो, मला इतक्या नीट कुणीच तपासलं नव्हतं. ना बाबालालनं, ना मास्तरांनी, ना पत्र धाडणाऱ्या संस्थेनं. मी आयुष्यभर नुसता संशय घेत बसले. या बाईनं संशय घेतला आणि तीन खेपा घालून तो फेडून टाकला.

मग तिनं कागदावरचा सूर्य पाहिला. बराच वेळ बघत राहिली. “त्यो वरचा, आन ह्यो त्येचाच कवडसा?” एवढंच विचारलं. पुढं ती जी ओरडली, ते डोंगरालाही ऐकू गेलं असेल.

“पिराजी! भाईर ये रं! खात न्हाई कुनी तुला!”

एकेक दार किलकिलं झालं. माणसं आली, बायका आल्या, लांब उभी राहिली, मग जवळ आली. मास्तरांनी एक युक्ती केली. ज्यानं त्यानं आपल्या हातानं कागदावर त्या क्षणीच्या सूर्याची कडा पेन्सिलनं गिरवायची. गिरवला की तो कागद काढायचा, दुसरा टाचायचा. ग्रहण सुटेपर्यंत सत्तावीस जणांनी सूर्य काढला. कुणाची कोर जाड, कुणाची नखाएवढी. मधे ऊन पिवळं पडलं, कोंबड्या खुराड्यात शिरल्या, तेव्हा बयाबाईची पाळी होती. मास्तरांनी प्रत्येक कागदाच्या पाठीवर फक्त वेळ लिहिली. नावं लिहू दिली नाहीत कुणी.

आणि वही? वही कोरीच राहिली. बयाबाईनं उघडच सांगितलं.

“मालक गेल्यावर दिरानं साखरंच्या कारडासाठी म्हनून अंगठा घेतला. वरचं खाचर गेलं त्यात. सूर्य दाखवलासा, लई चांगलं केलंसा. पर अंगठा मागू नगा.”

मास्तरांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

कोल्हापूरला परतल्यावर बाबालाल म्हणाला, “मास्तर, दहा बोटं माजी, दहा तुमची. चाळिसाला किती कमी पडत्यात?”

“ज्या खोटेपणाला ती माणसं भितात, तोच करायचा का बाबालाल?”

खरं सांगते, मला वाटत होतं, करावा. मला कपाटात जायचं नव्हतं.

मास्तरांनी कोरी वही आणि सत्तावीस कागद मुंबईला धाडले. मार्च सरता सरता संस्थेचे एक साहेब आले ते आम्हाला घेऊन थेट वाडीवरच. माझ्यासाठी मोठी पेटी सोबत आणली होती. तेही माझ्यासारखेच संशयी निघाले.

“मास्तर, राग मानू नका. हे सगळे कागद एकाच माणसानं रात्रीतून काढले नसतील कशावरून?”

चावडीपुढं सगळी वाडी होती. मास्तरांचा चेहरा उतरला. बयाबाई पुढं आली आणि साहेबांच्या हातातला गठ्ठा तिनं सरळ काढून घेतला. भुईवर बसली. वरच्या कडेची टाचणीची भोकं बघून एकेक कागद सुलटा केला आणि ओळीनं मांडायला लागली.

“ह्यो पिराजीचा, तवा निम्मा व्हता. ह्यो तानाबाईचा. ह्यो माजा, तवा कोर लई बारीक व्हती. हितनं पुढं कोर ह्या अंगाला फिरली. ह्यो झुंबरबाईचा, हात कापतोय तिचा.”

सत्तावीसच्या सत्तावीस. साहेबांनी एकेक कागद उलटून मागची वेळ वाचली. तीन वाजून सतरा, तीन एकवीस, तीन सव्वीस. अक्षरओळख नसलेल्या बाईनं मांडलेल्या ओळीत एकही कागद मागंपुढं नव्हता. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

“माझी खात्री झाली,” ते म्हणाले. “पण बाई, नियमाला अंगठा लागतो. अंगठे नसतील तर मला दुर्बीण न्यावीच लागेल. माझा इलाज नाही.”

बाबालाल माझ्या पायांकडे बघत होता. बयाबाईनं पदर खोचला.

“सायेब, आदी तुमी द्या.”

“काय देऊ?”

“अंगठा. कागदावर लिवा, ह्या नळीनं आमच्या वाडीची येक बी फूट जमीन मोजायची न्हाई. कुनीच, कवाच. आन त्येच्यावर तुमचा अंगठा.”

“मी सही करतो ना!”

“सई कुनाची कुनी बी करतंय. अंगठा ज्येचा त्येचाच.”

लोक हसले, पण बयाबाई हसली नाही. साहेबांनी लिहिलं. तिनं तो कागद मास्तरांकडून वाचून घेतला, मग बाबालालकडून, मग पिराजीच्या चौथीतल्या मुलीकडून. तिघांनी एकच वाचलं, तेव्हा शाईची डबी पुढं सरकवली. मुंबईच्या साहेबांनी आपला गोरा अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवला. बयाबाईनं तो वाळवला, घडी करून कमरेच्या चंचीत ठेवला आणि मग वहीवर पहिला अंगठा उमटवला तो तिचा. त्या दिवशी एक्केचाळीस झाले. साहेबांची पेटी रिकामीच गेली.

त्यानंतरची चार वर्षं माझी सुखाची. पन्हाळा, पेठ वडगाव, कुठं कुठं मास्तरांनी मला नेलं. वर्तमानपत्रात माझा फोटो आला. पुढं अनुदान थांबलं, मास्तर निवृत्त झाले. मी कोडोलीच्या शाळेत प्रयोगशाळेच्या कपाटात जाऊन पडले. काचेवर बुरशी चढली. मुंबईच्या कपाटाला भ्यायले होते, ते मला कोडोलीतच मिळालं.

एके दिवशी दुपारी कपाटाचं दार उघडलं. मास्तर होते, आणि शेजारी बयाबाई. पार वाकलेली. धरण झालं होतं. मोजणी झाली होती, दुसऱ्याच तिपायानं, दुसऱ्याच माणसांनी. तिचं खाचर पाण्याखाली गेलं होतं आणि वाडी उठून भलतीकडं वसली होती. तिनं चंचीतला कागद काढला. घड्यांवर विरलेला, पण अंगठा ठळक.

“मास्तर, खरं सांगा. ह्या नळीनं मोजलं न्हाई न्हवं?”

“नाही आक्का. शपथ घेऊन सांगतो. त्या अंगठ्यानंतर ही वाडीकडं गेलेलीच नाही.”

बयाबाईनं मान हलवली. “मग त्या सायबाचा अंगठा खरा व्हता म्हनायचा.” आणि कागद पुन्हा घडी करून ठेवला. मग पदराच्या टोकानं माझी काच पुसायला लागली. बुरशी निघेना, तरी पुसत राहिली.

मित्रांनो, माझी विनंती एवढीच आहे. मला या कपाटातून बाहेर काढा, माझी काच साफ करा, आणि कुणी काही दाखवलं तर खुशाल संशय घ्या, पण तो तपासूनही बघा. आणि मी तुमच्याकडे कशी राहिले, हे विसरू नका. एका बाईनं जन्मात दुसऱ्यांदा अंगठा दिला, तो माझ्यासाठी. तिचं खाचर गेलं, पण मी अजून इथंच आहे.