यादवमामांची भुवई

कोंडू मुंबईला एचिंग शिकत होता, आणि नेमक्या त्याच कारणानं यादवमामा त्याला आपली मुलगी बकुळा द्यायला तयार नव्हते. मामा निजामपुऱ्यात लूमवर जॉबर, म्हणजे बिघडलेले माग चालू करून देणारे.

कोंडूनं समजावून पाहिलं. तांब्याच्या पत्र्याला मेण फासायचं, त्यावर सुईनं चित्र ओरखडायचं आणि पत्रा तेजाबात सोडायचा. ओरखडलेलं तेवढं तेजाब खातं. त्या खाचांत शाई भरून वर कागद दाबला की चित्र उमटतं.

"म्हणजे चांगला पत्रा नासवायचा," मामा म्हणाले. "याला ड्युटी म्हनतात? बरं, मला काढ. रविवारी आन. माझ्यासारखा मी निघालो, तर बघू."

कोंडूनं मामांना ओट्यावर बसवलं आणि दिसले तसे थेट पत्र्यावर उतरवले. उजव्या भुवईवरची खूणही सोडली नाही. लूमवरून धोटा उडून तिथं बसला होता. मामा ती खूण पाहुण्यांना चहाच्या आधी दाखवत.

कॉलेजच्या प्रेसवरून ओला कागद उचलला आणि कोंडूची नजर थेट भुवईवर गेली. छापताना चित्र उलटं होतं, हे तो पहिल्याच वर्षी शिकला होता. मामांच्या धाकात तेवढंच विसरला होता. खूण डाव्या भुवईवर गेली होती, आणि दुसऱ्या दिवशी रविवार होता.

"अगं बाई," कलावतीमामी चित्र बघून म्हणाली, "धोटा इकडं कुठं लागला होता?"

"कोंड्या, मामाची भुवई बदलली की रे!" शेजारच्या लडकूनं मान डोलावली.

कोंडूनं मनातल्या मनात मुंडावळ्या सोडून ठेवल्या.

मामा उठले. खिळ्यावरचा दाढीचा आरसा काढून त्यांनी चित्राशेजारी धरला. आरशात पाहिलं, चित्रात पाहिलं. उजवा हात भुवईला लावला. खूण दोन्हीकडं उजव्या हातालाच.

"गप बसा सगळे! या तोंडाची रोज दाढी मी करतो, का तुम्ही? तो फोटोवाला मला कायम उलटा काढतो. बरोबर काढनारा हा पयला मानूस हाय."

कोंडू खरं सांगायला तोंड उघडणार, तोच बकुळानं त्याच्या हातात चहाची बशी दिली. बशी इतकी गरम होती, की खरं सांगायचं राहूनच गेलं.

"पुढच्या रविवारी आईबापाला घेऊन ये, बोलनी करू," मामा म्हणाले. "आनि आता हिला पन काढ."

"काढ की," मामी पदर सारखा करत म्हणाली. "फक्त पदर कुठल्या खांद्यावर घेऊन बसू, ते आधी सांग."