सरलाचा मास्क

सरलाने मास्क कपाळावर सरकवला, तोंडातली नळी काढली आणि हे आपल्याच्याने होणार नाही असं चौथ्यांदा जाहीर केलं. पायऱ्यांचा दांडा धरून ती कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. काठावर विष्णूपंत पँट दुमडून, पाय तेवढे पाण्यात सोडून बसले होते.

त्यांच्या मुलीने, संपदाने, गुडगावात नवा फ्लॅट घेतल्यापासून दोघं दर रविवारी दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरातून बसने यायची, ती या सोसायटीच्या पोहण्याच्या तलावासाठी. मार्चमध्ये विष्णूपंत रिटायर होणार होते. त्याआधी सरकारी सवलतीतला शेवटचा प्रवास होता, अंदमानचा. तिथल्या सागरी उद्यानाची फाइल नऊ वर्षं त्यांच्या टेबलावर होती. कुठे कोणतं प्रवाळ, बोटींनी नांगर कुठे टाकायचा नाही, सगळं तोंडपाठ; पाहिलेलं मात्र काहीच नाही. आणि आता म्हणे, सरलाने पाण्यात उतरावं, आपण काचेच्या तळाच्या बोटीत बसू. चष्म्याशिवाय आपल्याला काय दिसणार? खरं कारण सरलाला ठाऊक होतं. हरिद्वारलासुद्धा हा माणूस वरच्या पायरीवर बसून तांब्याने अंघोळ करून आला होता. इतकी वर्षं जपलेली गोष्ट बघायची राहून जाणार, याचं त्याच्यापेक्षा तिलाच जास्त वाईट वाटत होतं.

"तोंडाने श्वास घे. आडवं तरंगायचं, प्रवाळाला पाय लागता कामा नये," विष्णूपंत शिकवत होते. सूचना त्यांनीच ड्राफ्ट केलेल्या असल्याने बिनचूक होत्या.

"श्वासाचं जमेल हो. पण यातून सगळं धुरकट दिसतंय. तुम्ही उतरून बघा जरा."

त्यांनी काठावर खुर्चीत बसलेल्या संपदाकडे पाहिलं. संपदाने आईकडे पाहिलं आणि आपण आजच केस धुतल्याचं सांगून टाकलं.

नाइलाजाने ते उतरले. चष्मा संपदाकडे दिला, सरलाचा मास्क चढवला, नळी तोंडात धरली. एका हातात दांडा, दुसऱ्यात सरलाचं मनगट. एकच सेकंद, असं बजावून त्यांनी तोंड पाण्यात घातलं.

सेकंदाचं मिनिट झालं. तळाच्या फरशांचे सांधे, कुणाची तरी पडलेली हेअरपिन, सरलाच्या पायातली जोडवी. ते वर आले तेव्हा त्यांचा चेहरा फुलला होता.

"अगं, पिन दिसते. बिल्कुल क्लिअर."

मग त्यांनी मास्क काढून डोळ्यांजवळ धरला. आतून दोन भिंगं चिकटवलेली होती. एकाच्या कडेला ओळखीचा टवका होता.

"सरला, ही तर माझ्या जुन्या चष्म्याची."

मनगट हातात नव्हतं, दांडाही नव्हता. त्यांनी मास्क डोळ्यांना लावून पाहिलं. तलावाच्या पार खोल टोकाला सरला ओले केस मागे सारत होती.

"तुला पोहता येतं?"

"आठव्या वर्षी शिकले. गावच्या विहिरीवर."

"इतक्या वर्षांत कधी बोलली नाहीस."

"दिल्लीत विहीर कुठे होती?"

विष्णूपंतांनी मास्क नीट बसवला, नळी दातात धरली आणि पुन्हा खाली वाकले. पिन अजून तिथेच आहे का, ते त्यांना बघायचं होतं.