घ्या, तुमचाच आहे

किल्ला झाला, वाळवंटातलं एकटं झाड झालं, आणि मुबारकचे गुडघे कुरकुरायला लागले. बावीस वर्षं पाहुण्यांना बहरीन दाखवून माणूस दमणार नाही तर काय? बेट ते केवढं, पण रोज तेच दाखवायचं म्हटलं की संपता संपत नाही. झाडाला पाणी कुठून मिळतं, हे तिसऱ्यांदा सांगताना त्याला त्या झाडाचाच राग आला.

आज पाहुणी एकच, नॉर्वेची सोलव्हेगबाई. संध्याकाळी तिचं विमान. मुहर्रक या जुन्या शहराच्या गल्लीत चहा घेताना मुबारकनं नेहमीप्रमाणे खिशातून बापाचा चिमटा काढला. मोत्यांसाठी समुद्रात बुडी मारताना बाप तो नाकाला लावायचा. शिंगाचा होता, वापरून वापरून गुळगुळीत झालेला.

"अगबाई, किती सुंदर!" बाई म्हणाली.

"घ्या, तुमचाच आहे," मुबारक म्हणाला.

तसं म्हणायचंच असतं. कुणी वस्तू वाखाणली की मालकानं देऊ करायची आणि समोरच्यानं नको म्हणायचं. आजवर सगळे पाहुणे संकोचून नकोच म्हणाले होते. ही रीत मुबारक सकाळी गाडीतच सांगून ठेवायचा. आज कंटाळून ते राहून गेलं.

बाईचे डोळे भरून आले. तिनं चिमटा रुमालात गुंडाळला आणि पर्समध्ये टाकला.

ह्याच चिमट्यासाठी थोरला भाऊ बू-सालेम बाप गेल्यापासून, तीस वर्षं, मागे लागला होता. मुबारकनं दिला नव्हता. आता भाऊ अंथरुणाला खिळलेला. सकाळीच त्याचा फोन आला होता, "मागत नाही रे बाबा, घाबरू नकोस. एकदा हातात धरू दे. संध्याकाळी आण." मुबारकनं शब्द दिला होता.

विमानतळावर बॅग उतरवून झाल्यावर तो म्हणाला, "बाई, तेवढा चिमटा परत द्या."

"पण तुम्हीच दिलात ना?"

"म्हटलं फक्त. आमच्याकडे तसं म्हणतात."

"द्यायचा नसताना?"

"द्यायचा असता तर सख्ख्या भावाला नसता का दिला?"

बाई लालबुंद झाली. रुमालासकट चिमटा त्याच्या हातात कोंबून ती वळून न बघता आत गेली. बावीस वर्षांत मुबारकला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

बू-सालेमच्या खोलीत औषधांचा वास होता. भावानं चिमटा बोटांनी चाचपला, नाकाला लावून पाहिला, आणि लहान पोरासारखा हसला.

"जपलायस हं. अजून कसा देखणा दिसतो!"

"घे, तुझाच आहे," मुबारक म्हणाला. परक्यांना शेकडो वेळा म्हणून झालं होतं; भावाला आज पहिल्यांदाच.

आता बू-सालेमनं रीतीप्रमाणे नको म्हणायचं होतं. त्यानं मात्र मूठ मिटली आणि उशीखाली सरकवली.

मुबारकनं खुर्ची ओढली, चपला काढल्या आणि दुखरे पाय भावाच्या पलंगावर ठेवले.