एका नंबरामागची नऊ माणसं

“एकटाच आलास?” केसपेपरच्या खिडकीतून मान बाहेर काढून शालूनं महादूच्या मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

“मंग? निरोपात माजंच नाव व्हतं,” महादू म्हणाला. “खडकावर चडून शेवटपर्यंत वाचला. दुसरं नाव नाय.”

बोईसरच्या त्या धर्मादाय दवाखान्यात शालू वरठा सतरा वर्षं केसपेपर काढत होती. गुरुवार सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या रुग्णांचा, आणि महिन्यातला पहिला गुरुवार महादूच्या पाड्याचा. नऊ जण एका जीपमध्ये बसून यायचे आणि खिडकीसमोर असा काही गलका करायचे, की शालू रागावल्यासारखं करायची आणि मनातून खूश व्हायची. अख्ख्या पाड्यात चालणारा फोन एकच, महादूचा. त्यालाही रेंज मिळायची ती फक्त पाड्यामागच्या खडकावर. सोमवारी निरोप आला की महादू खडकावर उभा राहून एकेक नाव मोठ्यानं वाचायचा. ज्याचं नाव येईल तो घरातूनच ओ द्यायचा. ओ आली नाही तर महादू पुढचं नाव घ्यायचा नाही.

निरोप जायची ही सोय शालूनंच उभी केली होती. दोन वर्षांपूर्वी संगणकावरचं त्यासाठीचं साधन बनवणाऱ्या कंपनीचा हर्षित दोन दिवस येऊन शिकवून गेला होता. कोड लिहायचा नाही, पडद्यावर चौकोन ओढायचे आणि बाणांनी जोडायचे. ‘नोंद आली’, ‘गोळ्या संपत आल्या का?’, ‘निरोप पाठवा’. दहावी झालेल्या शालूला ते फार समजावून सांगावं लागलं नाही. वाफ्यातून वाफ्यात पाणी कसं सोडायचं, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तिनं दुसऱ्या दिवशी दुपारीच पहिला निरोप पाठवून दाखवला, तेव्हा संगणकाला हात लावायला घाबरणारे दवाखान्यातले दोन पदवीधर तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते.

गेल्या शुक्रवारी त्या साधनाची नवी आवृत्ती आली. पडदा दिसायला देखणा झाला. चौकोन, बाण सगळे आत गेले, सगळं मराठीत झालं आणि मधोमध एक मोठं हिरवं बटण आलं. वर लिहिलं होतं, ‘४६ दुबार नोंदी आढळल्या. नीटनेटकं करा.’ पसारा शालूला घरातही खपायचा नाही. तिनं बटण दाबलं, ‘छान!’ असं पडद्यानं म्हटलं आणि तिलाही छान वाटलं.

आता खिडकीत एकटा महादू उभा होता. चूक कुणाची, हे शोधायला तिला लांब जावं लागलं नाही. एक नंबर म्हणजे एक माणूस, असं त्या यंत्रानं धरलं होतं, आणि तिनं त्याला हो म्हटलं होतं.

“बाकीच्यांना उद्या घेऊन ये. नाय तर मीच येते,” ती म्हणाली.

“उद्या कुटं? चिमीची लोकं आज निगतात. दोन वाजता पाड्यावरून ट्रक हाय. भिवंडीकडं, ईटभट्टीवर. आता पावसापर्यंत नाय यायची.”

“तिच्या गोळ्या?”

“परवाच संपल्या.”

चिमी एकोणीस वर्षांची. गेल्या वर्षी भट्टीवर तिच्या गोळ्या संपल्या आणि महिनाभरानं तिला टेम्पोत घालून इथं आणलं होतं. तिचा केसपेपर शालूनं काढला होता. सांधे धरून ती कशी कण्हत होती, ते शालूला अजून ऐकू यायचं. तो आवाज पुन्हा ऐकायची तिची तयारी नव्हती.

“पाड्यावर फोन लाव,” ती म्हणाली. मग दोघांनीही महादूच्या हातातल्या फोनकडे पाहिलं.

डॉक्टर दीपिका तपासणी थांबवून बाहेर आल्या. शालूनं काही न लपवता सगळं सांगितलं. बटण मी दाबलं, हेही सांगितलं.

“रक्त न तपासता मी दोन महिन्यांच्या वर गोळ्या देणार नाही,” त्या म्हणाल्या. “सोबत चिठ्ठी देते, तिकडच्या सरकारी दवाखान्यात दाखवायची. पण त्यांना गाठणार कोण?”

“मी. ट्रक चिल्हार फाट्यावरूनच जातो.”

“खिडकी?”

“स्वाती बसेल. तिला येतं. मीच शिकवलंय.”

नऊ नावांची नऊ पाकिटं पिशवीत घालून शालू महादूबरोबर वडाप रिक्षात बसली. रिक्षा मिनिटामिनिटाला थांबत होती. तिनं हर्षितला फोन लावला.

“मॅडम, ती सुधारणा आहे,” हर्षित म्हणाला. “एकच नंबर दोनदा दिसला की दुबार नोंद. वापरणाऱ्या सगळ्यांची मागणी होती.”

“सगळे म्हंजे कोन? आमाला कोनी इचारलं?” चिडली की शालूची दवाखान्यातली भाषा गळून पडायची. “नंबर एक हाय, मानसं नऊ हायेत. ते जाऊ द्या. गेलेली नावं परत कशी आनायची?”

“वर उजवीकडे तीन ठिपके आहेत. त्यात ‘इतिहास’, त्यात शेवटी ‘मागे घ्या’.”

“म्हंजे चूक करायला एवडं मोटं हिरवं बटन, आनी निस्तरायला तीन ठिपके?”

“लिहून घेतो, मॅडम,” हर्षित म्हणाला, आणि लिहून घेतल्याचा आवाजही आला.

फाट्यावर ते अडीचला पोचले. पावणेतीनला ट्रक दिसला. मडकी, चटया, टोपलीतल्या कोंबड्या आणि त्या सगळ्यावर बसलेली माणसं. शालू सरळ रस्त्यात जाऊन उभी राहिली. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला आणि डोकं बाहेर काढलं.

“मैडम, देर हो रही है.”

“दो मिनट. दवाई है,” शालू म्हणाली आणि कागद उघडला.

महादूनं तो तिच्या हातातून काढून घेतला. “हे माजं काम हाय.” तो रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर चढला आणि खडकावरून वाचायचा तसा वाचू लागला. हायवेच्या गाड्यांवर आवाज चढवून त्यानं पहिलं नाव घेतलं. “चिमी!”

“ओ!” ट्रकवरून चिमी उभी राहिली. तिनं हात खाली केला, शालूनं पाकीट आणि चिठ्ठी वर दिली. चिमीनं पाकीट चोळीत खोचलं आणि हसली. “मना वाटलं, यंदा माजं नाव नाय.”

“होतं. मी घालवलं होतं,” शालू म्हणाली. “आता परत नाय जायचं.”

अशी एकेक करत ट्रकवरच्या चौघांची पाकिटं वर गेली. स्वतःचं पाकीट आणि पाड्यावर राहिलेल्या तिघांची पाकिटं महादू नेणार होता. नववं नाव त्यानं शेवटी घेतलं.

“अंकुश!”

ओ आली नाही. महादूनं पुन्हा हाक मारली.

“तो परवाच गेला,” चिमी वरून म्हणाली. “दुसऱ्या ट्रकनं. कंच्या भट्टीवर, कोनाला ठावं नाय.”

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. अंकुशचं पाकीट शालूच्या हातात राहिलं.

दवाखाना बंद व्हायच्या आत ती परतली. तीन ठिपके, इतिहास, मागे घ्या. शेहेचाळीस नावं पुन्हा पडद्यावर आली. ती तिनं एकेक करून मोजली. मग आत दडवलेले बाण शोधून काढले आणि सगळ्यांच्या आधी एक नवा चौकोन बसवला. ‘या नंबरामागे माणसं किती?’ त्याचं उत्तर भरल्याशिवाय नोंद पुढे सरकणार नाही, अशी तिनं व्यवस्था केली. कुणाला न विचारता केली, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगितलं.

महिन्याभरानं हर्षितचा फोन आला. पुढच्या आवृत्तीत हिरवं बटण आपोआप काही करणार नव्हतं, आधी नावं दाखवून विचारणार होतं. “तुमच्यामुळे, मॅडम,” तो म्हणाला. “बरं केलंत,” शालू म्हणाली. तिला त्यात फारसं नवल वाटलं नाही.

अंकुशचा पत्ता लागला नाही. शालूनं भट्ट्यांच्या भागातल्या तीन सरकारी दवाखान्यांत फोन केले, कुठं त्याचं नाव नव्हतं. पाकीट तिनं खणात ठेवलं, वर त्याचं नाव लिहून. आता महिन्याच्या सुरुवातीला पडद्यावर प्रश्न येतो, ‘ही नोंद निष्क्रिय आहे. काढून टाकायची?’ शेजारी ‘होय’ ठळक हिरवं असतं, ‘नाही’ बारीक, राखाडी. शालू चष्मा लावते आणि ‘नाही’ दाबते.

फेब्रुवारीच्या पहिल्या गुरुवारी महादू तिघांना घेऊन खिडकीशी आला.

“शालूबाय, निरोपात अंकुशचं नाव अजून येतं.”

“येनार.”

“मंग मी वाचतो,” महादू म्हणाला. “वाचतो, आनी जरा थांबतो.”

शालूनं मान हलवली आणि पुढचा केसपेपर काढायला घेतला.