खिशातले हात

संस्थेत स्वयंसेवक म्हणून रुजू झाले त्या दिवशी मला एक निळा ॲप्रन मिळाला. त्याचे खिसे एवढे मोठे की एकेकात पावाची अख्खी लादी मावली असती. झटका येऊन अर्धं अंग लुळं पडलेली माणसं तिथे पुन्हा आपलं आपण जगायला शिकत. त्यांना व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला पहिल्याच सकाळी बजावलं, "पेशंट स्वतःचं काही करत असला की आपले हात खिशात. तो पडायला लागला तरच बाहेर काढायचे."

एवढ्यासाठी मी विमानात बसून परक्या देशात आले होते! आमच्या घरी मोठ्यांसमोर खिशात हात घालून उभं राहिलं की बाबांची नुसती नजर पुरायची. आत्याच्या हातातली पिशवी घ्यायची, म्हाताऱ्या माणसाला वाकू द्यायचं नाही, हे मला कुणी मुद्दाम शिकवलंही नव्हतं, ते अंगातच मुरलं होतं. मी बाईंसमोर मान डोलावली आणि मनात म्हटलं, बाई जरा माणूसघाण्याच दिसतात.

माझ्या वाट्याला ड्रायव्हरआजोबा आले. जन्मभर शहराची बस चालवलेली, डावा हात-पाय कमजोर, राग कायम नाकावर. बायको गेलेली, मुलगी दुसऱ्या शहरात. त्यांना एकच ध्यास होता, डेपोमागच्या आपल्या खोलीत परत जायचं. त्यासाठी एक परीक्षा होती. तोंड धुणं, कपडे, बूट, नाश्ता, सगळं डॉक्टर आणि बाईंच्या देखत एकट्याने करून दाखवायचं. जमलं तर घर, नाही तर मुलीने बघून ठेवलेला वृद्धाश्रम. मुलगी वाईट नव्हती. बाप एकटा राहणार या विचारानेच तिचा जीव टांगणीला लागायचा.

आमची गट्टी लगेच जमली. माझी तिथली भाषा तेव्हा मोडकीतोडकी होती, ती सुधारायचं आजोबांनी मनावर घेतलं आणि 'कृपया'च्या आधी मला रस्त्यावरच्या सगळ्या शिव्या शिकवल्या. बदल्यात मी, बाईंची पाठ वळली की, त्यांचं अंडं सोलून द्यायचे, बाही सरळ करायचे, बुटाच्या नाड्या बांधायचे. "माझ्या नातीसारखी आहेस," असं ते म्हणायचे आणि मी विरघळायचे. घर सोडल्यापासून कुणाची तरी कुणीतरी होण्याची मला फार भूक लागली होती.

परीक्षेच्या दिवशी शर्टापर्यंत सगळं ठीक झालं. मग आजोबा खुर्चीत बसले, पुढ्यात बूट. आणि खाली न बघता त्यांनी पाय उचलून सरळ माझ्या दिशेने पुढे केला. मी कोपऱ्यात उभी होते. आजोबांनी स्वतःच्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पाय हळूच मागे घेतला. नंतर नाड्यांशी पुष्कळ झटापट केली, पण बोटांना सवयच राहिली नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी ज्यांच्याकडे राहत होते त्या काकूंना घरी आल्या आल्या सांगितलं की मी परत जातेय. त्यांनी मला पोटभर रडू दिलं. मग सुरी आणि गाजरं पुढ्यात ठेवली आणि म्हणाल्या, "उद्याचं उद्या बघू. आज चार माणसं जेवायची आहेत." त्या घरात मी पाहुणी नव्हते, हे मला गाजरं चिरताना कळलं, आणि त्या दिवशी दुसऱ्या कशानेही मला तेवढा धीर आला नसता.

सकाळी बाईंसमोर उभी राहिले ती हकालपट्टीच्या तयारीने. बाईंनी डॉक्टरांकडून आजोबांसाठी महिन्याभराची मुदत मागून घेतली होती.

"जायचं असेल तर जा," त्या म्हणाल्या. "पण तू दिसलीस की त्यांचा पाय पुढे येतो. ती सवय मोडायची तर तूच समोर हवीस."

मग सुरू झाले आमचे हाल. आजोबा आधी माझ्याशी बोलेनात. बोलू लागले तेव्हा वाटलं, अबोलाच बरा होता. अंडं हातातून सुटून कपाटाखाली गेलं की ते माझ्याकडे बघायचे आणि मी छताकडे. "दगड आहेस नुसती," म्हणायचे. माझे हात शिवशिवत असायचे. मी खिशात मुठी अशा आवळायचे की उजव्या खिशाची शिवण उसवली. काकूंनी न विचारता तो दुहेरी दोऱ्याने शिवून दिला.

एकदा एकच नाडी पुन्हा पुन्हा सुटली आणि आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. मी जागची हलले नाही. शेवटी ते म्हणाले, "आधी तुझं नाक पूस, मग मी नाडीचं बघतो." त्यानंतर आमचं पुन्हा जमलं. पाय मात्र माझ्याकडे आला नाही.

दुसऱ्या परीक्षेत त्या नाड्यांना इतका वेळ लागला की डॉक्टर घड्याळ बघायला लागले. गाठी पडल्या कशातरीच, पण पडल्या. आजोबा उभे राहिले, काठी घेतली आणि अंडं उकडायला गेले. बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, त्यामुळे त्यांना किती माणूसघाण्या म्हणायचं ते मला ठरवता आलं नाही.

मुलगी त्यांना न्यायला आली तेव्हा मीही टॅक्सीतून डेपोमागच्या खोलीपर्यंत गेले. दारापाशी तिने माझे दोन्ही हात धरले. "तुम्ही बाबांसाठी खूप केलंत," ती म्हणाली.

"काही नाही केलं हिनं," आजोबा किल्ली शोधत म्हणाले. "महिनाभर माझ्यासमोर उभी राहून काहीही केलं नाही. तुला जमतंय का बघ."

तेवढ्यात किल्ली पायरीवर पडली. आम्ही दोघीही एकदमच वाकलो आणि तशाच थांबलो. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. ती सरळ उभी राहिली, ओठ घट्ट मिटून.

आजोबा एका हाताने कठडा धरून हळूहळू खाली वाकले. 'काहीही केलं नाही', इतकं कौतुक माझं आजवर कुणी केलेलं नाही, मला वाटलं, आणि ज्यांनी मला तिथे राहू दिलं त्या सगळ्यांचे मी मनातल्या मनात आभार मानले. किल्ली त्यांच्या हाती लागली. मग कुलूप निघेपर्यंत आम्ही दोघी वाट बघत उभ्या राहिलो.