पात्रावरचा हात

प्रेमानंदला नाही म्हणता येत नसे. अख्खी नोकरी त्याने वीज कंपनीत काढली, पण साहेबाला, शेजाऱ्याला, वर्गणी मागायला आलेल्या पोरांना, कोणालाच कधी तोंडावर नाही म्हटलं नाही. 'हो, पाहू ना' म्हणायचा आणि सोयीने विसरून जायचा. समोरच्यालाही ते तेव्हाच कळायचं. नागपुरात 'पाहू ना' चा अर्थ काय, हे कोणाला शिकवावं लागत नाही. असा गोड माणूस निवृत्त झाला आणि वस्तीने त्याला लगेच विहार समितीचा अध्यक्ष करून टाकलं.

अध्यक्ष झाल्यावर पहिलाच मोठा योग आला तो थायलंडच्या भंतेंचा. हे वयस्कर बौद्ध भिक्खू दीक्षाभूमी पाहायला नागपुरात आले होते. एक दिवस वस्तीतल्या विहारात भोजन घेऊन तिथेच मुक्काम करायचं त्यांनी कबूल केलं. ही ओळख प्रेमानंदच्या मुलीची, प्रीतीची. ती सदर भागातल्या एका ट्रॅव्हल ऑफिसात कामाला होती, आणि भंतेंसोबत दुभाषी म्हणून आलेल्या सुदा नावाच्या थाई मुलीशी तिची चांगली गट्टी जमली होती.

घरात सगळ्यात जास्त आनंद झाला तो प्रेमानंदच्या आईला, अंजनाबाईला. बाबासाहेबांना तिने दीक्षेच्या दिवशी बापाच्या खांद्यावर बसून पाहिलं होतं. त्या गर्दीतलं तिला फारसं आठवत नसे, पण बापाचे खांदे आठवत. आता गुडघे धरून बसलेली ही म्हातारी खिरीचं नाव निघताच ताठ उठली.

"खीर मीच करतो," तिने जाहीर केलं. "अन् वाढतोही मीच. लांबून आलेल्या भंतेले आपल्या हातानं दान देतो, मंग मी मोकळी."

"मोकळी काहून होतं वं आजी," प्रीती हसली, "माझ्या लग्नाची खीर कोण करन?"

आदल्या दिवशी प्रीतीने बापाला समोर बसवून दोन गोष्टी सांगितल्या. "बाबा, एक. दुपारचे बारा वाजले का ते जेवत नाही. आपल्यासारखं बारा म्हणजे साडेबारा नाही चालत तिकडं. अन् दोन. बाईनं त्यांच्या हातात सरळ काही द्यायचं नाही. अन्न पात्रात वाढलं का झालं."

"हो, हो," प्रेमानंद म्हणाला. त्याचं लक्ष मुख्य पाहुण्यांच्या फोनकडे होतं.

मुख्य पाहुणे म्हणजे माजी नगरसेवक ओमप्रकाशभाऊ. विहारासमोरचे फरसबंदीचे गट्टू यांनीच बसवून दिले होते, आणि आता कंपाउंडच्या भिंतीचा शब्द दिला होता. खरं तर भंतेंच्या जेवणाला मुख्य पाहुणा कशाला लागतो? पण प्रेमानंदने जन्मभर खुर्चीला मान देण्यातच आपलं भलं पाहिलं होतं, आणि ती सवय निवृत्तीनंतर थोडीच सुटते!

दुसऱ्या दिवशी सकाळपासून विहार पांढऱ्या साड्यांनी भरून गेला. भंते आले, वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं. भंते आसनावर पात्र पुढे घेऊन शांत बसले. त्यांच्यासमोर अंजनाबाई खिरीचं पातेलं घेऊन बसली होती. पातेल्यावर तिने स्वच्छ फडकं बांधलं होतं आणि मधून मधून ती त्या फडक्यावरून हात फिरवत होती.

ओमप्रकाशभाऊंचा पत्ता नव्हता. प्रेमानंदने बाहेर जाऊन फोन लावला.

"बस, निकल गया," भाऊ म्हणाले. "दस मिनट रुको, मेरे बिना शुरू मत करना."

"नाही नाही भाऊ, या तुम्ही निवांत. आम्ही थांबून आहोत," असं म्हणताना प्रेमानंदची नजर दारातून आतल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. बाराला थोडाच अवकाश होता. तरी तोंडातून गेलं ते हेच.

आत येऊन त्याने भंतेंपुढे हात जोडले. "भंतेजी, आमचे पाहुणे पोचूनच राहिले आहेत. थोडं थांबलं तर चालेल ना?"

प्रीतीने ते इंग्रजीत सुदाला सांगितलं, सुदाने थाईत भंतेंना. भंते हसले. अगदी प्रसन्न हसले, आणि दोन शब्द बोलले. ते शब्द उलट्या वाटेने प्रीतीपर्यंत आले.

"भंते म्हणतात, तुमच्या सोयीनं होऊ द्या." मग प्रीती बापाच्या कानाशी लागली. "बाबा, मले हे काही बरोबर वाटून नाही राहिलं. वाढायला सांगा."

"अवं, हसले ना ते! चाललं नसतं तर म्हणाले असते."

त्याचंही अगदीच चुकत नव्हतं. वस्तीचे नेहमीचे भंते असते तर त्यांनी सरळ माइक ओढून 'उपासकहो, भाषणानं पोट भरत नाही, ताटं वाढा' असं खडसावलं असतं आणि सगळे हसत हसत उठले असते. पण ते त्या दिवशी कामठीला होते. प्रेमानंदला रागावणारे भंते कळायचे. हसणारे कळत नव्हते. किंवा कळत होते आणि कळून घ्यायचं नव्हतं, असंच म्हटलं पाहिजे.

ओमप्रकाशभाऊ आले तेव्हा बारा वाजून गेले होते. प्रीती त्यांच्या माणसांसाठी खुर्च्या आणायला बाहेर धावली. हार झाले, फोटो झाले, भाऊंचं छोटंसं भाषण लांबत लांबत एकदाचं संपलं. प्रीती अजून बाहेरच त्यांच्या माणसांची सोय लावत होती. "चला, आता वाढा," प्रेमानंद म्हणाला.

अंजनाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. फडकं सोडलं, पळीभर खीर घेतली आणि पात्रावर वाकली. भंतेंनी अलगद आपला तळहात पात्रावर ठेवला. चेहऱ्यावर तेच प्रसन्न हसू होतं.

तिला वाटलं, त्यांना समजलं नाही. ती आणखी वाकली. हात तसाच राहिला. पळीतली थोडी खीर आसनावर सांडली.

मागच्या बाया माना उंच करून पाहू लागल्या.

"काय झालं गा, प्रेम्या?" अंजनाबाईने मागे वळून विचारलं. "काहून घेत नाही ते?"

उत्तर चार शब्दांचं होतं. 'उशीर झाला, माय. चुकलो.' पण शेजारच्या खुर्चीत ओमप्रकाशभाऊ कान देऊन बसले होते. उशीर म्हटलं की तो कोणाचा, हे आलं. भिंत गेली, मान गेला, वस्तीसमोर शोभा झाली. प्रेमानंदच्या मनात हे सगळं भराभर फिरलं आणि प्रीतीने सांगितलेली दुसरी गोष्ट त्याच्या जिभेवर आयती येऊन बसली.

"माय, त्यांच्याकडं बाईच्या हातचं घेत नाहीत."

बोलून झाल्यावर त्याला कळलं, आपण काय बोललो ते. पण शब्द गेला होता. अंजनाबाई सावकाश सरळ झाली. पळी पातेल्यात ठेवली, हात पदराला पुसले, पुन्हा पुसले. कोणाकडे न पाहता ती बायांमधून वाट काढत बाहेर पडली. खीर नंतर पंगतीत वाढली गेली. ओमप्रकाशभाऊंनी दोनदा मागून घेतली आणि भिंतीचं नक्की करून टाकलं.

संध्याकाळी प्रेमानंद घरी आला तेव्हा ती ओट्यावर बसली होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

"प्रेम्या," ती म्हणाली, "पाटलाच्या विहिरीवर आम्ही लेकरं ओंजळ करून उभी राहत होतो. वरून पाणी टाकत ते. हात लागू नये म्हणून. माझ्या बापानं ते सोडून दीक्षा घेतली म्हणून आपण इथं आलो ना? अन् इथंही हातच पाहतात का गा?"

आताही वेळ होती. ओट्यावर ना ओमप्रकाश होता ना वस्ती, समोर फक्त आई होती. आणि प्रेमानंद म्हणाला, "दूरदेशचे लोक आहेत, माय. त्यांचं वेगळं असते. मनाले नको लावू." एवढं म्हणून तो आत गेला आणि विनाकारण टीव्ही लावून बसला.

प्रीती उशिरा आली. आजी आत आडवी झाली होती. ताट वाढून घेता घेता ती बापाला म्हणाली, "सुदा सांगत होती, बाबा. तुम्ही सगळ्यांसमोर 'चालेल ना' असं विचारलं, मग ते काय म्हणणार? पाहुण्यानं यजमानाले त्याच्या लोकांसमोर अडवायचं नाही, असं मानतात ते. म्हणून तुमच्यावर सोपवलं. त्यांले वाटलं, तुम्ही समजून घ्यान." घास मोडत ती पुढे म्हणाली, "आता उद्या सकाळपर्यंत ते उपाशीच."

प्रेमानंदची कानशिलं तापली. परक्या देशाचा, परक्या भाषेचा माणूस. पण त्याचं ते 'तुमच्या सोयीनं होऊ द्या' म्हणजे हुबेहूब आपलंच 'पाहू ना' होतं. जन्मभर आपण हेच बोलत आलो, फोनवर भाऊंनाही हेच बोललो, आणि दुसऱ्याच्या तोंडून आलं तर ओळखलं नाही. पाहुणा उपाशी, आई उपाशी, आणि आपण मात्र पोटभर जेवलो. त्याला स्वतःची शिसारी आली. तरी आईचं प्रीतीला त्याने काही सांगितलं नाही. तेवढी हिंमत नव्हती.

सकाळी प्रीती लवकरच विहारात जाते म्हणून निघून गेली. उन्हं यायच्या सुमाराला गल्लीतली कुत्री भुंकू लागली. प्रेमानंदने दार उघडून पाहिलं, तर समोर भंते उभे. अनवाणी, हातात पात्र, नजर खाली. मागे सुदा आणि प्रीती.

"या, भंतेजी, या ना, बसा," तो खुर्ची शोधायला धावला. भंते हलले नाहीत.

"बाबा, ते बसायला नाही आले," प्रीती म्हणाली. "रोज सकाळी ते असेच भिक्षेले निघतात. मागत नाहीत, फक्त उभे राहतात. आज म्हणाले, कालच्या त्या म्हाताऱ्या माउलीच्या दारावरून जाऊ. आजी! ये ना बाहेर!"

अंजनाबाई भाकरी टाकत होती. दारापर्यंत आली, भंतेंना पाहिलं आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

"प्रेम्या, तू दे. माझ्या हातचं चालत नाही त्यांले."

"कोण म्हणते?" प्रीती चक्रावली. "तिकडं तर रोज सकाळी बायाच वाढतात यांच्या पात्रात. काल बारा वाजून गेले होते ना आजी, म्हणून नाही घेतलं."

अंजनाबाईने मुलाकडे पाहिलं. प्रेमानंद खुर्ची हातात धरून तसाच उभा होता. ती आत गेली, तव्यावरची गरम भाकर हातावर घेऊन आली आणि पात्रावर वाकली. भंतेंनी झाकण काढलं. भाकर आत गेली. भंतेंनी हळू आवाजात मंगलगाथा म्हटली आणि ते पुढच्या घराकडे चालू लागले. प्रीती आणि सुदा त्यांच्या मागे गेल्या.

"तुले माहीत होतं?" अंजनाबाईने विचारलं.

"हो."

"ओमप्रकाशसाठी?"

"हो, माय."

तिने आपल्या तळहाताकडे पाहिलं. भाकरीचं पीठ अजून त्याला लागलेलं होतं. "अन् मी रातभर हा हात पाहून राहिली होती," ती म्हणाली.

प्रेमानंद तिच्या पाया पडायला वाकला, तेवढ्यात ती आत वळली. तो मागोमाग स्वयंपाकघरात गेला आणि रोजच्या जागी भिंतीला टेकून बसला. इतकी वर्षं भाकर तव्यावरून उतरली की ती स्वतः त्याच्या ताटात टाकत असे, वर तेल-तिखटाचा गोळा ठेवत असे. आज तिने भाकरीचं टोपलं त्याच्यापुढे सरकवलं.

"घे," ती म्हणाली. "आपल्या हातानं."